फिलरवाल्या रबराचा मोड्युलस काढताय? या चुका टाळा

मोड्युलस म्हणजे रबराचा कडकपणा, फिलर म्हणजे त्यात मिसळलेली कार्बन ब्लॅकसारखी भुकटी. पीएचआर (शंभर भाग रबरामागे घटकाचे किती भाग) वरून थेट सूत्रात उडी मारू नका. फिलरमुळे मोड्युलस किती पट होतो ते सांगणाऱ्या गुथ-गोल्ड समीकरणात (१ + २.५ फाय + १४.१ फाय वर्ग) फाय म्हणजे फिलरचा आकारमानातला वाटा. पीएचआर हा वजनाचा हिशेब आहे.

एका कारखान्यात इंजिन माउंटचं (इंजिनाखालच्या रबरी आधाराचं) कंपाउंड होतं: नैसर्गिक रबर, ५० पीएचआर एन-३३० जातीचा कार्बन ब्लॅक. नव्या इंजिनिअरने वजनाचा वाटा, ०.३३, सूत्रात घातला. उत्तर आलं कोऱ्या (बिनफिलरच्या) रबराच्या ३.४ पट, चाचणीत मात्र दुपटीच्या आसपास. हिशेब तपासायचा सोडून त्याने कोऱ्या रबराचा मोड्युलसच खाली ओढला. आलेख सुरेख जुळला, अहवाल वर गेला. पुढे ग्राहकाने ३० पीएचआरचं मऊ माउंट मागितलं, तर मॉडेल चाचणीपेक्षा दहाएक टक्के कमी दाखवू लागलं. त्यावर पुन्हा एक गुणक लावायची तयारी सुरू झाली, तेव्हा मी तेच कंपाउंड ब्लॅकशिवाय मिलवर काढायला लावलं. त्या शीटचा मोड्युलस त्याच्या आकड्याच्या दीडपटीहून जास्त भरला!

हिशेब दोन ओळींचा आहे: वजन भागिले घनता. १०० ग्रॅम रबर भागिले ०.९२, म्हणजे १०८.७ घनसेंमी; ५० ग्रॅम ब्लॅक भागिले १.८, म्हणजे २७.८. वाटा ०.२०, उत्तर २.१ पट. तेल आणि झिंक ऑक्साइडही आकारमानात धरा. कोऱ्या रबराची शीट तपासल्याशिवाय मी मॉडेलला हात लावत नाही, आणि ‘तेवढा वेळ नाही’ हे कारण ऐकूनही घेत नाही.

हे सूत्र गोल कणांसाठी आहे. ब्लॅकच्या गुंतागुंतीच्या पुंजक्यांत रबर अडकून पडतं, म्हणून फाय वाढवावा लागतो. तो ब्लॅकच्या तेलशोषणाच्या आकड्यावरून वाढवा, आलेख जुळावा म्हणून नाही.

दुसरी चूक मला याहून जास्त खटकते: मोड्युलस सांगायचा, पण कोणत्या स्ट्रेनला (मूळ लांबीच्या किती टक्के ताणल्यावर वा दाबल्यावर) ते सांगायचं नाही. भरपूर ब्लॅक असलेल्या रबराचा डायनॅमिक (कंपनात मोजलेला) मोड्युलस स्ट्रेन ०.१ टक्क्यापासून १० टक्क्यांपर्यंत जाताना निम्म्याहून खाली येऊ शकतो. हा पेन परिणाम. शिवाय पहिल्या ओढीत रबर कडक लागतं, पुढच्या ओढींत सैलावतं. हा मुलिन्स परिणाम. तरीही घाईतली मंडळी डीएमए या कंपन-चाचणीचा ०.१ टक्क्याचा आकडा उचलून २० टक्के दबणाऱ्या माउंटला चिकटवतात. मी नमुना आधी भागाच्या कमाल स्ट्रेनच्या थोडा पुढे नेतो, स्ट्रेस-स्ट्रेन वक्र एकावर एक बसेपर्यंत ओढतो-सोडतो आणि मगच नोंद घेतो. एम-१०० हा १०० टक्के लांबवल्यावर मिळणारा स्ट्रेस (क्षेत्रफळावरचं बल) आहे, वक्राचा चढ नाही. एम-१०० यंग मोड्युलस म्हणून वापरू नका.

मशीनच्या क्रॉसहेडवरून (नमुना ओढणाऱ्या सरकत्या दांड्यावरून) स्ट्रेन काढू नका, नमुन्यावरच लांबी मोजणारा एक्स्टेन्सोमीटर लावा.

प्लास्टिकच्या मॉडेलमध्येही अशाच चुका होतात. पॉलिएथिलीनच्या स्फटिकाचा रेणूंच्या साखळीच्या दिशेतला २३५ जीपीए (गिगापास्कल) हा मोड्युलसचा आकडा मोल्ड केलेल्या साध्या पट्टीच्या मॉडेलमध्ये नको. आडव्या दिशेत तो स्फटिक काही जीपीएचाच असतो.

डीएससी या उष्णता मोजणाऱ्या चाचणीवरून प्लास्टिकची स्फटिकता काढताना फिलरचं वजन वजा करा.

नायलॉन ६ च्या मोड्युलसचा ३ जीपीए हा कोरड्या नमुन्याचा आकडा आहे. हवेतला ओलावा मुरला की तो १ जीपीएच्या आसपास येतो. डेटाशीटवर बहुधा दोन्ही रकाने असतात. भाग उघड्या हवेत वापरायचा असेल तर दुसरा वाचा.