जुना कागद अस्सल आहे का? अतिनील टॉर्च मारून बघा

जुनं पोस्टकार्ड, फोटो किंवा पोस्टर विकत घेण्याआधी अंधाऱ्या खोलीत त्यावर अतिनील (यूव्ही) टॉर्च मारा. ३९५ नॅनोमीटर तरंगलांबीच्या टॉर्चचा जांभळा उजेडच फार पडतो, त्यात कागदाची स्वतःची चमक हरवते, ३६५ची घ्या. टॉर्च डोळ्यांवर मात्र कधीच धरू नका. कागद नुकत्याच धुतलेल्या पांढऱ्या शर्टासारखा निळसर झळकला, तर सावध व्हा. ती चमक आणणारी रसायनं कागदात रुळली ती साधारण १९५०च्या आसपास. १९२० सालचं म्हणून दाखवलेलं कार्ड असं उजळलं, की मी ते सरळ खाली ठेवतो. कडा आणि मागची बाजूही तपासाच, डागडुजीचा गोंद बऱ्याचदा तिथेच वेगळ्या रंगात उठून दिसतो. पण कागद मंद राहिला म्हणजे माल अस्सल, असं मुळीच नाही. जुन्या कोऱ्या कागदावर आजही छापता येतं.