डिस्कोच्या रेकॉर्ड्स हाताने जुळवताना

एका रेकॉर्डवरून दुसरीवर ठोका न चुकवता जायचं तर डीजेला दोन्हींची लय जुळवावी लागते. डिस्कोत हे हाउसपेक्षा (डिस्कोतून पुढे निघालेलं, ड्रम मशीनवरचं नृत्यसंगीत) अवघड जातं. कारण १९७०च्या दशकातल्या बहुतेक रेकॉर्ड्सवर हाडामांसाचा ड्रमर वाजवतोय. गाणं मिनिटाला ११६ बीटवर सुरू होतं आणि ब्रास (ट्रम्पेटसारखी पितळी वाद्यं) शिरेपर्यंत ११८वर पोहोचलेलं असतं, त्यामुळे एकदा लय जुळवून हात काढून घेता येत नाही. जॉर्जिओ मोरोडरचं १९७७चं ‘आय फील लव्ह’ सिक्वेन्सरवर, म्हणजे सूर एकाच वेगात वाजवणाऱ्या यंत्रावर, बांधलेलं आहे; त्याची लय सरकत नाही. सरावाला एका बाजूला तेच लावा.

टर्नटेबल डायरेक्ट-ड्राइव्ह (पट्ट्याऐवजी थेट मोटरवर फिरणारे) हवेत, वेग कमी-जास्त करणारा पिच स्लायडर ±८ टक्के आणि वर फेल्टचे स्लिपमॅट, म्हणजे थाळी फिरत असताना रेकॉर्ड धरून ठेवू देणाऱ्या घसरत्या चकत्या. मिक्सरवर प्रत्येक चॅनलचा खर्ज वेगळा कापता आला पाहिजे. रेकॉर्ड शक्यतो १२ इंची घ्या. ७ इंचीवर जेमतेम तीन-चार मिनिटं मावतात, त्यातही गायन लगेच सुरू होतं. दुकानात विकला गेलेला पहिला १२ इंची सिंगल म्हणजे सॅलसोल या रेकॉर्ड कंपनीचा ‘टेन पर्सेंट’ (१९७६). डीजे वॉल्टर गिबन्सने ते गाणं नऊ मिनिटांच्या पुढे नेलं, मुख्यतः वाद्यांचे तुकडे लांबवून. आपल्याला दोन गाण्यांच्या जोडासाठी लागतात ते हेच तुकडे.

आता सम शोधा. किक (पायाने वाजणारा मोठा ड्रम) चारही मात्रांवर सारखीच पडते, तिच्यावरून सम कळत नाही. स्नेअर (कडक आवाजाचा छोटा ड्रम) दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर असतो; त्याच्या जोडीला बासची ओळ नव्याने कुठून सुरू होते ते ऐका. फसवतो तो हाय-हॅट, म्हणजे झांजांची जोडी. फिलाडेल्फियाच्या ड्रमर अर्ल यंगने रूढ केलेल्या ठेक्यात तो दोन किकच्या मधोमध उघडतो. नवखे त्यालाच बीट धरतात आणि अख्खा जोड अर्ध्या मात्रेने सरकतो.

येणाऱ्या रेकॉर्डची पहिली किक सुईखाली आणा, कडेला बोटांनी रेकॉर्ड धरा, खालची थाळी फिरू द्या. न्यूयॉर्कच्या सॅंक्चुअरी क्लबमध्ये डीजे फ्रान्सिस ग्रासोने नावारूपाला आणलेली हीच पकड. समेवर सोडताना किंचित पुढे ढकला. नुसतं सोडलं तर सुरुवात मागे राहते.

लय सरकली की आधी ठरवा, चूक ड्रमरची की स्लायडरची. क्षणभराची ओढाताण असेल तर थाळीच्या कडेला बोट लावून वेग रोखा किंवा लेबलजवळ हलकेच पुढे रेटा. सलग दोनदा आठ-आठ बारमध्ये (एक बार म्हणजे चार मात्रा) एकाच दिशेने घसरत असेल तरच स्लायडर हलवा. १ टक्क्याचा फरक क्षुल्लक वाटतो, पण १२० बीटवर १६ बार म्हणजे ३२ सेकंद. तेवढ्यात अंतर अर्ध्या मात्रेहून जास्त पडतं. वेग फार ताणूही नका. ६ टक्क्यांना सूर जवळपास अर्ध्या स्वराने बदलतो, आणि व्हायोलिनं व गायिकेचा आवाज त्याची चहाडी करतात.

सर्वांत जास्त जोड बिघडतात ते बासमुळे. डिस्कोतला बास चालत्या सुरांचा असतो. दोन बासवादक एकत्र वाजले की नुसता चिखल. येणाऱ्याचा खर्ज पूर्ण बंद ठेवून आत आणा आणि समेवर एका झटक्यात दोन्हींची अदलाबदल करा. गायनावर गायन कधीच नको. आठ बार बहुधा पुरतात, सोळाच्या पुढे गेलात तर ड्रमर दगा देणारच.

प्रत्येक गाणं जोडलंच पाहिजे असंही नाही. न्यूयॉर्कमधल्या ‘लॉफ्ट’ या आपल्या घरी १९७०पासून पार्ट्या भरवणारा डेव्हिड मंकूसो पुढे तर मिक्सिंगच सोडून रेकॉर्ड पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवायचा. संथ प्रस्तावनेच्या गाण्याला तीच वागणूक द्या.

ब्रेक (गायन थांबून मुख्यतः तालवाद्यंच उरतात तो तुकडा) फारच तोकडा असेल तर त्याच रेकॉर्डच्या दोन प्रती घ्या: एकीवर ब्रेक वाजतोय तोवर दुसरी त्याच्या सुरुवातीला आणून समेवर सोडा. शिकागोच्या वेअरहाउस क्लबमध्ये डीजे फ्रँकी नकल्सने हे लांबवणं रीळ टेप कापून केलं, पुढे खाली ड्रम मशीनचा ठेकाही घातला, आणि हाउस त्यातूनच उभं राहिलं. टेपवर करणार असाल तर कापणी किकच्या अगदी आधी करा. नंतर केलीत तर ठोक्याचं तोंडच उडतं.