तिकीट तुमचं, पण कार्ड कोणाचं?

परदेशात नवीन आलेली मंडळी बॅगेचं वजन तीनतीनदा करतात. तिकीट कोणाच्या कार्डावर काढलंय, हे मात्र विमानतळावर पोचेपर्यंत डोक्यात येत नाही. माझ्याही आलं नव्हतं.

आईला इकडे बोलावलं तेव्हा तिचं तिकीट मी इथे बसून माझ्या क्रेडिट कार्डावर काढलं. पैसे कापले गेले, ई-तिकीट आलं, मी निर्धास्त. तिकडे चेक-इनच्या काउंटरवर तिला विचारलं, “पैसे भरले ते कार्ड दाखवा.” कार्ड माझ्या खिशात, माझ्याकडे मध्यरात्र आणि फोन सायलेंटवर. शेवटी सोडायला आलेल्या मामाने त्या दिवशीच्या भावाने नवं तिकीट काढलं. जुन्याचे पैसे परत आले, पण पाच-सहा आठवड्यांनी. दोन तिकिटांमधला फरक गेला तो गेलाच. कार्ड दाखवायची सूचना ई-तिकिटात होती. बारीक अक्षरांत, पण होती.

विमान कंपन्यांचंही खोटं नाही. चोरलेल्या कार्डांवर तिकिटं निघतात, खरा मालक बँकेत तक्रार करतो, बँक रक्कम परत ओढून घेते, आणि तोवर प्रवासी उतरून गेलेला असतो. ऑनलाइन व्यवहारात हा फटका बहुधा विमान कंपनीलाच बसतो. “पण मी ओटीपी टाकला होता” हे काउंटरवर ऐकवू नका. त्या माणसाच्या स्क्रीनवर कार्ड तपासायची खूण आली असेल तर तो तपासणारच. दहा वेळा कोणी विचारत नाही, म्हणूनच अकराव्या वेळी माणूस गाफील सापडतो.

स्वतःचं कार्ड असेल तर ते सोबत न्या, बस. नाव आणि शेवटचे चार आकडे जुळवून बघतात. मधल्या काळात कार्ड बदललं असेल तर जुनं फेकू नका, किंवा बँकेचं पत्र घ्या. फोन टेकवून पैसे भरले असतील तर पावतीवरचे आकडे कार्डावरच्यापेक्षा वेगळे असू शकतात.

कार्ड दुसऱ्याचं असेल तर तिकीट काढायच्या आधीच कंपनीला फोन करा. काही कंपन्यांत कार्डवाल्याने आधी त्यांच्या ऑफिसात कार्ड दाखवलं की बुकिंगवर तशी नोंद होते. काही ठिकाणी कार्डाची झेरॉक्स, कार्डवाल्याचं सहीचं पत्र आणि त्याच्या ओळखपत्राची प्रत चालते. पत्रात प्रवाशाचं नाव आणि बुकिंग नंबर हवाच. झेरॉक्सवर मधले आकडे झाका, आणि मागचा सीव्हीव्ही, म्हणजे कार्डाचा गुप्त आकडा, झाकलाच पाहिजे. तो कोणालाही, कशासाठीही द्यायचा नाही. व्हॉट्सअ‍ॅपवरच्या फोटोच्या भरवशावर तर जाऊच नका.

आपल्या लोकांना सवलतीचा भारी सोस. रूममेटच्या मित्राच्या कार्डावर थोडे पैसे वाचतात म्हणून तिकीट काढायचं, आणि प्रवासाच्या दिवशी तो मित्र कुठल्या गावाला असतो कोण जाणे! असे दोघे तरी मी काउंटरवरून रडवेल्या आवाजात फोन करताना ऐकलेत.

वेब चेक-इन अडलं आणि ‘काउंटरवर या’ असं आलं, तर कार्ड विचारण्याची शक्यता धरून लवकर निघा. काउंटर बंद व्हायला आलं की तुमचं पत्र वाचायला कोणाला वेळ नसतो.

आईचं तिकीट हल्ली मामाच्या कार्डावर निघतं, आणि तिला सोडायला मामाच जातो.