व्याप्ती उणे येते तेव्हा: प्लॅटिनमवरच्या कार्बन मोनॉक्साइडचं मॉडेल

प्लॅटिनमच्या १११ पृष्ठभागावर (स्फटिकाच्या एका ठरावीक प्रतलावर) कार्बन मोनॉक्साइड चिकटण्या-सुटण्याचं माझं साधं लँगम्युअर मॉडेल, म्हणजे एका जागेवर एकच रेणू धरणारं, ६०० केल्विनला नीट चालत होतं. ७०० ला व्याप्ती, म्हणजे भरलेल्या जागांचा ० ते १ मधला वाटा, कधी उणे यायची, कधी एकच्या वर.

समीकरण बरोबर होतं, दोष कालपायरीत, म्हणजे गणित एका वेळी जेवढा काळ पुढे सरकतं त्यात, होता. सुटण्याची ऊर्जा १३५ किलोजूल प्रति मोल आणि पूर्वघटक (दराच्या सूत्रातला घातांकी पदाआधीचा गुणक) सेकंदाला १० चा १३वा घात धरला, तर ६०० केल्विनला सुटण्याचा दर सेकंदाला सुमारे १८ येतो आणि ७०० ला ८४०! साध्या ऑयलर पद्धतीत (पायरीच्या सुरुवातीच्या दरानेच पुढची व्याप्ती काढतात ती) पायरी २ भागिले दर याहून लहान लागते, म्हणजे ७०० ला जेमतेम २.४ मिलिसेकंद. माझी १० मिलिसेकंद होती.

पायरी बारीक करत बसण्यापेक्षा अव्यक्त रूप घ्यावं, म्हणजे दर पायरीच्या शेवटच्या व्याप्तीवरून काढावा. अ चिकटण्याचा दर, स सुटण्याचा, प पायरी:

नवी व्याप्ती = (जुनी + अ×प) ÷ (१ + (अ+स)×प)

हे उत्तर कायम ० ते १ मध्येच राहतं. रेणूंच्या परस्पर ढकलण्यामुळे ऊर्जा व्याप्तीनुसार बदलत असेल, तर मात्र प्रत्येक पायरीला न्यूटन पद्धत (अंदाज सुधारत समीकरण सोडवण्याची) लावावी लागते.

अ काढताना दाब पास्कलमध्ये, वस्तुमान एका रेणूचं किलोग्रॅममध्ये आणि तापमान वायूचं घ्या, पृष्ठभागाचं नव्हे. दाब टॉर या दुसऱ्या एककात तसाच राहिला तर १३३ पटींची चूक होते. शेवटी बराच वेळ चालवून व्याप्ती अ÷(अ+स) ला टेकते का, ते पाहा.

पूर्वघटकावर आंधळा विश्वास नको: तो शंभरपट बदलला, तर ५०० केल्विनला तोच दर मिळण्यासाठी ऊर्जा सुमारे १९ किलोजूल प्रति मोलने सरकते.