खारवट जमिनीत यंदा चाकवत आणि बीट, उन्हाळ्याला घोळ

बडोद्याहून पादऱ्यापलीकडे, महीच्या खाडीकडे ज्यांची शेती आहे त्यांनी दसरा-दिवाळीच्या दरम्यानच मातीची ईसी, म्हणजे मातीतल्या मिठाचे माप (विद्युतवाहकता, डेसिसायमन प्रति मीटरमध्ये), तपासून घ्यावी. पावसाने मीठ खाली नेलेले असते, पेरायची संधी तीच. जमीन सुकू लागली की ओल वर चढते, उडून जाते आणि मीठ वरच राहते.

कांदा, गाजर, घेवडा यांना ईसी 1 च्या आसपासच फटका बसू लागतो. बीट 4 पर्यंत टिकते, मात्र उगवताना 3 च्या पुढे नको. हे आकडे संपृक्त अर्काचे, म्हणजे माती पाण्याने पुरती भिजवून तिच्यातून काढलेल्या पाण्याचे आहेत. एक भाग मातीत दोन भाग पाणी घालून काढलेली ईसी कमी दिसते, म्हणून प्रयोगशाळेत पद्धत जरूर विचारा. पीएच 8.5 च्या वर असेल तर जमीन चोपण (सोडियम जास्त झालेली) आहे, तिथे आधी जिप्सम लागेल. नुसत्या खारवट जमिनीत जिप्समवर पैसे घालवू नका, गोड्या पाण्याने निचरा करा.

सरी-वरंब्यावर बी माथ्यावर टोकू नका. पाणी दिल्यावर दोन-चार दिवसांत माथ्यावरच पांढरी पपडी धरते, बोटाला पिठासारखी लागते. बी बगलेत, पाण्याच्या रेषेच्या जरा वर लावा. रोपे चार पानांची होईपर्यंत वरची माती सुकू देऊ नका. पाणी हलके पण लवकर लवकर द्या.

चाकवत आपण गव्हातले तण म्हणून उपटतो, पण लोह, कॅल्शियम आणि बीटा-कॅरोटीन देणारी ही चांगली भाजी आहे आणि खारवटपणाही सोसते. बाजारात चीलची भाजी (चाकवताचे गुजराती नाव) म्हणून विका. बिटाचा पालाही फेकू नका. घोळीची पाळी फेब्रुवारीनंतर, ऊब आल्यावर. तिच्या पानांत ओमेगा-3 गटातले अल्फा-लिनोलेनिक आम्ल असते, ते पालेभाज्यांत इतके सहसा मिळत नाही. बी बारीक असते, मातीत गाडू नका, वरच भुरभुरा.

या तिन्ही भाज्यांत ऑक्झलेट, म्हणजे मुतखड्याला हातभार लावणारे द्रव्य, असते. पाने उकडून पाणी टाका. मुतखडा असेल त्यांनी वैद्यांना विचारूनच खावीत. ताकातला चाकवत यासाठीही बरा, कारण ताकातले कॅल्शियम ऑक्झलेटला पोटातच बांधते. खाऱ्या मातीतली पाने मीठ धरतात, तेव्हा भाजीत मीठ शेवटी, चाखून घाला. रक्तदाब असलेल्यांच्या घरी तर नक्कीच.

कारखान्यांचे सांडपाणी वाहते त्या कालव्याच्या काठची घोळ किंवा चाकवत कितीही तरारलेली दिसली तरी खुडू नका. ही झाडे मिठाबरोबर जड धातूही ओढून घेऊ शकतात, आणि ते उकडून जात नाहीत.