पावसाळ्यात दुकानात बसून धूमकेतू शोधायचा तर

जून लागला की बेळगावचं आभाळ झाकलं ते झाकलंच. खानापूर-कणकुंबीकडचं तर विचारूच नका. राजहंसगडावर दुर्बीण घेऊन जायची हौस तेवढे महिने गुंडाळून ठेवावी लागते. पण सूर्याला भिडायला निघालेला धूमकेतू शोधायला आभाळ मोकळं असावं लागत नाही. तसाही तो जमिनीवरून सहसा दिसत नाही, सूर्याच्या उजेडात बुडालेला असतो. त्याला बघायचं तर ‘सोहो’ यानाच्या डोळ्यांनी. मी खडेबाजारात डीटीपीचं काम करतो, लग्नपत्रिका मराठीत आणि कन्नडात. लग्नसराई संपली की संगणक मोकळा असतो.

सोहो हे ईसा या युरोपच्या अवकाश संस्थेचं आणि नासाचं यान. २ डिसेंबर १९९५ रोजी ते सुटलं आणि पृथ्वीपासून सुमारे १५ लाख किलोमीटरवर, सूर्याच्या बाजूच्या एल-१ बिंदूभोवती फिरायला लागलं. तिथे सूर्याची आणि पृथ्वीची ओढ अशी जुळते की यान पृथ्वीच्या संगतीनेच सूर्याभोवती फिरत राहतं. आपलं आदित्य-एल१ जानेवारी २०२४ मध्ये याच बिंदूभोवतीच्या कक्षेत पोचलं. सोहोवर ‘लास्को’ नावाचा कॅमेरा आहे. त्यात एका चकतीने सूर्य झाकलेला असतो, म्हणजे कायमचं खग्रास ग्रहण. त्याची दोन प्रकारची चित्रं आपल्या कामाची. सी-२ केशरी, सूर्याच्या अगदी जवळची. सी-३ निळी, तिच्यात सूर्याच्या त्रिज्येच्या ३० पटीपर्यंतचं आकाश येतं. यान बांधलं होतं सूर्य आणि त्याचा प्रभामंडल, म्हणजे त्याच्याभोवतीचं विरळ, तापलेलं आवरण, अभ्यासायला, पण मार्च २०२४ पर्यंत त्याच्या चित्रांतून ५००० धूमकेतू सापडले. त्यातले बहुतेक घरी बसून चित्रं चाळणाऱ्या हौशी लोकांनी शोधले.

आता कामाचं. सोहोच्या संकेतस्थळावरून एकाच दिवसाची, १०२४ पिक्सेलची चित्रं ओळीने उतरवून घ्या. साधारण दर बारा मिनिटांना एक असतं. व्हॉट्सॲपवर आलेलं चित्र घेऊ नका, दाबून बारीक केलेल्या चित्रात आपला ठिपका आधी मरतो. सगळी चित्रं फोटोशॉपमध्ये एकावर एक लेयर करून ठेवा. मग चित्राचे रंग उलटे करा, म्हणजे काळ्यावरचं पांढरं पांढऱ्यावरचं काळं होईल. प्रूफ तपासणाऱ्या डोळ्याला पांढऱ्या कागदावरचा काळा ठिपका लवकर सापडतो, निदान मला तरी. दुकानातला दिवा बंद करा, शटर अर्धं ओढा आणि लेयर एकेक करून चालू-बंद करत राहा. गिऱ्हाईक “एन नोडाकत्तीरी?” (काय बघताय?) म्हणून डोकावेल. सूर्य बघतोय म्हणून सांगा.

पहिल्यांदा शेकडो ठिपके दिसतील. घाबरू नका, त्यातले जवळजवळ सगळे टाकायचेच आहेत. एकाच चित्रात दिसून पुढच्यात गायब होणारे ठिपके विश्वकिरणांचे, म्हणजे अवकाशातून येऊन कॅमेऱ्यावर आदळणाऱ्या वेगवान कणांचे. प्लेटवरच्या धुळीसारखे ते, छपाईचा भाग नव्हेत. मोठा ठिपका आणि त्याच्या दोन्ही बाजूंना आडवी रेघ असेल तर तो ग्रह: शुक्र, बुध, गुरू. सी-३ मध्ये मधल्या चकतीपासून कोपऱ्याकडे गेलेला काळा दांडा चकतीला धरून ठेवणारा आहे. काही महिने तो डावीकडे खाली दिसतो आणि काही महिने उजवीकडे वर, कारण अँटेनाच्या अडचणीमुळे २००३ पासून यानच तीनेक महिन्यांनी अर्धा फेरा वळवतात.

उरले तारे. ते सगळे मिळून डावीकडून उजवीकडे सरकतात, सी-३ मध्ये चार-पाच चित्रांत जेमतेम दोन पिक्सेल. इथे थोडं रेंगाळा. आपल्याकडे धूळवाफ पेरणीच्या गडबडीत शेतकरी सूर्याचं नक्षत्र मोजतो: ११ मेच्या सुमारास कृत्तिका, २५ मेच्या सुमारास रोहिणी. पंचांगातला तो सूर्य भर दिवसा कुणाला ताऱ्यांत दिसतो? २० मेच्या आसपासचं सी-३ चित्र उघडा. सूर्याच्या वरच्या अंगाला कृत्तिकेचा झुबका स्पष्ट दिसेल.

धूमकेतू या सगळ्यांत वेगळा पडतो तो चालीने. उजेडावर किंवा शेपटीवर जाऊ नका, बहुतेकांना शेपूट दिसतच नाही. ठिपका एकाच रेषेत, एकाच दिशेने सरकतोय का, तेवढं बघा. सी-३ मध्ये बारा मिनिटांत दोन-तीन पिक्सेल, सी-२ मध्ये पंधरा-वीस. सूर्याजवळ जाताना वेग वाढतो. सोहोला सापडणारे बहुतेक धूमकेतू क्रॉइट्झ कुळातले, म्हणजे पूर्वी कधीतरी फुटलेल्या एका मोठ्या धूमकेतूचे तुकडे. १९६५ चा इकेया-सेकी त्याच कुळातला. वाट एकच असल्याने एका महिन्यात आलेले जवळपास एकाच बाजूने येतात, बहुतेक चित्राच्या खालच्या अर्ध्यातून. सूर्याला वळसा घालून परत निघणारा विरळाच. बारके तुकडे वाटेतच वाफ होऊन जातात.

सराव जुन्या चित्रांवर करा. १५-१६ डिसेंबर २०११ चा लव्हजॉय घ्या, तो सूर्याला घासून जिवंत बाहेर आला. २८ नोव्हेंबर २०१३ चा आयसॉन झळकत आत गेला आणि बाहेर आला तो नुसता पुसट धूर. हे दोन्ही आंधळ्यालाही दिसतील एवढे मोठे आहेत, पण पिक्सेल मोजायचा हात यांच्यावरच बसवायचा.

खरा सापडला असं वाटलं की सनग्रेझर या, सूर्याजवळ जाणाऱ्या धूमकेतूंच्या नोंदी घेणाऱ्या प्रकल्पाच्या संकेतस्थळावर अर्ज भरून नोंद करा. अमेरिकी नौदलाची संशोधन प्रयोगशाळा तो चालवते. ठिपक्याची आडवी-उभी जागा प्रत्येक चित्रासाठी लिहायची, फोटोशॉपच्या इन्फो पॅनेलमध्ये ती आयती मिळते. तिथे शून्य वरच्या डाव्या कोपऱ्यात असतो, तेही कळवा. वेळ चित्रावरची जशीच्या तशी लिहा, ती जागतिक वेळ आहे. आपल्या घड्याळात तिच्यापुढे साडेपाच तास असतात.

नाव तुमचं लागणार नाही, धूमकेतू सोहोच्या नावानेच ओळखला जातो. शोधणारा म्हणून तुमची नोंद होते, पण तीही तुम्ही पहिले असाल तरच, आणि चीन-थायलंडमधली मंडळी रात्ररात्र जागी असतात. म्हणून चार-पाच चित्रांत रेषा जुळेपर्यंत हात बांधून बसा. जुळली की मात्र पत्रिकेचं गिऱ्हाईक दारात उभं असलं तरी आधी अर्ज.