मुलांचे शूज घेताय? एक नंबर मोठा घेऊ नका प्लीज

जून जवळ आला की ठाण्यात गोखले रोड, राम मारुती रोड, स्टेशनजवळची दुकानं सगळीकडे नुसती झुंबड असते, वाशीला सेक्टर 17 मध्ये पण तेच, आणि प्रत्येक दुकानात कोणीतरी म्हणतंच, "दादा एक नंबर मोठाच द्या, पुढच्या वर्षी पण चालतील". शाळेची पॅन्ट वाढत्या अंगाची घेतली तर खालून दुमडता येते हो, पण बूट दुमडता येत नाही. मोठ्या बुटात पाय मागेपुढे सरकतो, टाच निसटते, मग पोरगं बोटं आखडून बूट पकडून ठेवतं आणि तसंच दिवसभर चालतं, जिन्यावर अडखळतं ते वेगळंच. पुढे कापूस कोंबून पण काही होत नाही कारण बूट वाकतो एकीकडे आणि पाय वाकतो दुसरीकडे.

आणि लहान झालेला बूट तर त्याहून वाईट. लहान मुलांच्या पायातली हाडं अजून पूर्ण कडक झालेली नसतात, त्यामुळे बोटं दबली तरी बरीच मुलं काही बोलतच नाहीत, "बूट चावतोय" म्हणेपर्यंत उशीर झालेला असतो.

मग जागा किती सोडायची? सगळ्यात लांब बोटाच्या पुढे साधारण 1 सेंमी, बस. सगळ्यात लांब म्हणजे अंगठाच असेल असं नाही, काहींचं दुसरं बोट लांब असतं. आता हिशोब बघा, आपल्याकडे चालणाऱ्या यूके नंबरात एका नंबरचा फरक साडेआठ मिमीच्या आसपास असतो, म्हणजे ही जागा सोडून वर अजून एक नंबर वाढवला की पुढे जवळजवळ 2 सेंमी पोकळ. (लहान मुलांचे नंबर 13 पर्यंत जातात आणि मग परत 1 पासून सुरू होतात, ऑनलाइन मागवताना हे बघा, नाहीतर तान्ह्या बाळाचे बूट घरी येतील.)

माप घरीच घ्या आणि संध्याकाळी घ्या, दिवसभर खेळून पाय थोडे फुगलेले असतात. शाळेचे सॉक्स घालायचे, भिंतीला टाच टेकवून कागदावर उभं करायचं, बसवून नाही कारण उभं राहिल्यावर पाय पसरतो, आणि पेन्सिल सरळ धरून बोटापुढे खूण करायची. दोन्ही पायांची. एक पाय किंचित मोठा निघणं अगदी कॉमन आहे, जो मोठा त्याच्या मापाने घ्या.

दुकानात गेल्यावर काका अंगठ्याने बुटाचं टोक दाबून "बघा जागा आहे" म्हणतात ना, त्यावर जाऊ नका. टोक दाबलं की मुलं आपोआप बोटं आत ओढून घेतात, मग जागा दिसणारच. त्यापेक्षा इनसोल (बुटाच्या आतला सुटा तळ) निघत असेल तर बाहेर काढा, जमिनीवर ठेवा आणि त्यावर मुलाला उभं करा, पुढे किती उरतंय आणि बाजूने पाय बाहेर येतोय का ते लगेच दिसतं. हा बाजूचा भाग बघाच. चेन्नईच्या सेंट्रल लेदर रिसर्च इन्स्टिट्यूटने 2021-22 मध्ये भारतीय पायांचा सर्व्हे केला त्यात पण आपले पाय रुंद असल्याचं आलंय, त्यामुळे टोकाला निमुळते होणारे बूट कितीही छान दिसोत, सोडून द्या.

मग बूट हातात घेऊन वाकवून बघा. बोटं जिथे वाकतात तिथेच वाकायला हवा, मधोमध घडी पडत असेल तर नको. टाचेचा मागचा भाग दाबून बघा, तो कडक हवा. लहानांना वेल्क्रो, नाडी बांधता यायला लागली की नाडीचे. मुलींचे बिनपट्ट्याचे बेली टाइप शूज रोजच्या शाळेला नको, पट्टा हवाच.

तळवा सपाट दिसतो म्हणून महागडे आर्च सपोर्टवाले (तळव्याच्या कमानीला आधार देणारे) बूट घेऊ नका, पाच-सहा वर्षांपर्यंत बहुतेक मुलांचा तळवा सपाटच दिसतो. दुखतंय, लंगडतंय किंवा दोन पायांत फरक दिसतोय तर ऑर्थोपेडिककडे जा. घरात मात्र अनवाणी फिरू द्या, पायांना चांगलंच असतं.

पावसाचं काय? शाळा परवानगी देत असेल तर सरळ पावसाळी सॅन्डल, मागे पट्टा असलेली. गमबूट डबक्यात उड्या मारायला मस्त पण दिवसभर नको, आत घाम साचतो. भिजलेल्या बुटात वर्तमानपत्राचे बोळे भरून पंख्याखाली ठेवा, इनसोल वेगळं वाळवा.

दादाचे जुने रोजचे बूट धाकट्याला देऊ नका, ते दादाच्या पायाच्या आकाराचे झालेले असतात. लग्नात एकदोनदा घातलेली सॅन्डल चालेल.

तीन वर्षांच्या आत दर दोन महिन्यांनी, मग सहा वर्षांपर्यंत दर तीन-चार महिन्यांनी, पुढे जून आणि दिवाळीला माप बघा. नवीन बूट आणले की आधी घरात फरशीवर पंधरावीस मिनिटं घालायला लावा, मग सॉक्स काढून पाय बघा, लाल वळ उठले असतील आणि थोड्या वेळाने पण जात नसतील तर बिल घेऊन बदलून आणा, म्हणूनच तोपर्यंत खाली नेऊन सोल मळवू नका.